दंडाचं रजिस्टर

(चिंचवड इथल्या वासंतिक व्याख्यानमालेतलं व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित)



पत्रिकेत विषय छापलाय तो असा : 'किरकोळ वाहतूक गुन्हे – समज द्यावी की दंड करावा?' माझी सगळी नोकरी कारखान्याच्या कार्मिक खात्यात गेली. मेमो, वॉर्निंग लेटर, चार्जशीट, चौकशी हेच माझं रोजचं काम होतं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी आत्ताच देऊन टाकतो. पहिल्या किरकोळ चुकीला समज द्यावी. पण ती लेखी हवी, जागेवर दिलेली हवी आणि लायसनवर नोंदलेली हवी. दुसऱ्या चुकीला पूर्ण दंड, मग फोन कुणाचाही येवो. आणि जो दंड जमा होईल त्याचं रजिस्टर लोकांना बघायला मिळालं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते पटवून द्यायला मी १९३६ सालचा एक कायदा सोबत आणलाय.

पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहे, मी तिथे रेंगाळत नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा. २०१९ ची दुरुस्ती. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून देशात दंड वाढले, आपल्या राज्यानं ते थांबवून धरले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडे नवे तडजोड दर लागू झाले. कलम १७७ मध्ये बारीकसारीक सगळं येतं, तिथे शंभराचे पाचशे झाले आणि दुसऱ्या वेळेच्या तीनशेचे पंधराशे. मधल्या काळात, १५ ऑगस्ट २०१८ ला, आपल्या शहराला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं आणि चाकण, आळंदी, तळेगाव त्यात आले. हे सगळं आपण पावत्यांवरूनच शिकलोय. (हशा)

आता मुद्दा असा की समज आजही दिली जाते. कायद्यात तिचा वेगळा कॉलम नाही, पण चौकात ती रोज मिळते. कुणाला मिळते ते मात्र बघा. चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी पावणेसातला उभे राहा. फर्स्ट शिफ्टला निघालेला कंत्राटी पोरगा स्टॉपलाइनच्या पुढे चाक टाकून उभा असतो. नंबर प्लेटचा एक आकडा पुसट झालेला असतो. त्याला बाजूला घेतलं जातं. तो म्हणतो, "साहेब, जाऊ द्या ना, पंचिंग चुकेल." त्याच्या मागे एक पांढरी मोठी गाडी असते, काचेवर कसल्यातरी अध्यक्षपदाची पाटी. तीही स्टॉपलाइनच्या पुढेच असते. त्या गाडीची काच खाली होते, दोन शब्द बोलणं होतं, काच वर जाते. त्या गाडीवाल्याला समज मिळाली, बरं का! पोराला पावती मिळाली. म्हणजे समज की दंड हा प्रश्न आपण आज इथे विचारतोय, पण रस्त्यावर त्याचं उत्तर दररोज दिलं जातं आणि ते ओळखीवर दिलं जातं.

मी पोलिसांच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. पुढच्या रांगेत दोन-तीन निवृत्त अधिकारी बसलेत, त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसतंय, म्हणून स्पष्ट सांगतो. (हशा) दिवसभर धूर आणि ऊन खाणाऱ्या हवालदाराच्या हातात आपण एक अधिकार ठेवलाय, सोडायचा की धरायचा, आणि त्या अधिकाराचा कागदच ठेवलेला नाही. कागद नसला की प्रामाणिक माणसावरही संशय येतो. आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात पोलिसांना समज द्यायची की दंड करायचा हे ठरवायची मुभा आहे, पण तिथे समजही कागदावर नोंदतात. नोंद होती म्हणून दोन अर्थशास्त्रज्ञांना ती तपासता आली. २००९ मध्ये त्यांनी अभ्यास छापला, त्यात दिसलं की गावातल्या माणसाला समज मिळण्याची शक्यता जास्त आणि बाहेरगावच्याला दंड होण्याची. ज्या गावांच्या तिजोरीत खडखडाट होता तिथे तर बाहेरच्यांवर जास्तच. आता आपल्याकडे एम.एच. १४ आणि बाहेरचं पासिंग यात फरक होतो का? बाहेरचं पासिंग असलेला प्रत्येक जण म्हणतो होतो, पोलीस म्हणतात होत नाही. दोघांकडेही दाखवायला कागद नाही, म्हणून ते भांडण मिटत नाही.

कागदावर मी एवढा का अडून बसलोय, ते सांगतो. ही गोष्ट दोन मिनिटांची आहे.

नव्वदच्या दशकात मी भोसरीच्या बाजूला एका कारखान्यात होतो, प्रेस शॉप होतं. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. हेतू उघड आहे, हात डायमध्ये राहू नये. पण दोन्ही हात गुंतले की माल काढायला-घालायला वेळ लागतो, आणि इन्सेन्टिव्ह तर नगावर. म्हणून पोरं काय करायची, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून एक बटण दाबून बांधून टाकायची. मग एका हातानं बटण, एका हातानं माल. सोलापूरकडचा एक मुलगा होता, कामाला चपळ, सगळ्यांचा लाडका. सुपरवायझर येता-जाता ओरडायचा, "अरे, पट्टी सोड." तो सोडायचा. सुपरवायझर वळला की पुन्हा बांधायचा. असं कित्येक महिने चाललं. एके दिवशी सेकंड शिफ्टला त्याची दोन बोटं गेली.

चौकशी झाली. मी नोंदी लिहायला होतो. सुपरवायझरला विचारलं, "याला समज दिली होती?" तो म्हणाला, "शंभर वेळा." "कागद?" कागद एकही नव्हता. मग त्या मुलाला विचारलं. हाताला बँडेज होतं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, ती समज कुठं होती? ते तर सगळ्यांनाच रोज बोलतात."

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. रोज सगळ्यांनाच जे बोललं जातं ते अंगाला लागत नाही. आणि तो मुलगा खोटं बोलत नव्हता, सुपरवायझरही नव्हता.

त्यानंतर आम्ही एक पिवळा कागद काढला. पट्टी बांधलेली दिसली की पहिल्या वेळी पिवळा कागद, दोन प्रती, कामगाराची सही, एक प्रत त्याच्या हातात. पगार कापायचा नाही. दुसऱ्या वेळी मात्र स्थायी आदेशांप्रमाणे कारवाई, युनियनच्या कमिटी मेंबरचा भाचा असला तरी. युनियन आधी खवळली, पण पहिल्या वेळी पैसा जात नाही हे कळल्यावर शांत झाली. त्या कागदावर खाली एक रकाना होता, 'कारण काय?' हा रकाना सुचवला तो युनियनच्या एका ज्येष्ठ माणसानंच. महिन्याभरात ते कागद घेऊन बसलो तर काय दिसलं? निम्म्याहून जास्त कागद दोनच मशीनवरचे! तिथली बटणं इतकी उंच आणि लांब लावलेली होती की बुटक्या माणसाचे खांदे आठ तासांत भरून यायचे. बटणं खाली घेतली, आणि त्या मशीनवरच्या पट्ट्या गेल्या. महिनोन्‌महिने ओरडून जे कळलं नव्हतं ते चिटोऱ्यांच्या एका गठ्ठ्यानं सांगितलं. त्याच ठिकाणी आम्ही नुसता दंड करत राहिलो असतो तर आमच्याकडे फक्त रकमेचा आकडा जमला असता. (टाळ्या)

दोन मिनिटं म्हणालो होतो, जरा जास्त झाली, पण ही गोष्ट मला पूर्ण सांगायची होती.

आता तो १९३६ चा कायदा. वेतन प्रदान अधिनियम. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी दंडाचा सुकाळ होता. उशीर झाला, कापा. धागा तुटला, कापा. कापड खराब निघालं तर ते विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि पगारातून पैसे वळते करायचे. ब्रिटिश सरकारनं मजुरांच्या स्थितीवर रॉयल कमिशन नेमलं, त्यात आपले ना. म. जोशी सदस्य होते. त्या कमिशननंतर हा कायदा आला. त्याचं कलम ८ मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो, तुम्ही मनातल्या मनात ते चौकाला लावून बघा.

एक, कोणत्या चुकीला दंड होणार त्याची यादी आधी मंजूर करून घ्यायची आणि ती कारखान्यात लावायची. दोन, माणसाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय दंड नाही. तीन, एका पगारातून दंडाला कमाल मर्यादा, आधी रुपयामागे अर्धा आणा, पुढे तीन टक्के. चार, दंड हप्त्यानं वसूल करायचा नाही आणि ठरावीक दिवस उलटल्यावर तर वसूलच करायचा नाही. हे दिवस आधी साठ होते, नंतर नव्वद झाले, आणि ते मोजायचे चूक झाली त्या दिवसापासून. मालकाला आठवण झाली त्या दिवसापासून नाही. पाच, प्रत्येक दंड रजिस्टरमध्ये, आणि त्यातून आलेला पैसा फक्त कामगारांच्याच हिताला. मालकाच्या गल्ल्यात एक पैसा नाही. हा कायदा आता वेतन संहितेत विलीन झाला, पण ही कलमं जवळजवळ तशीच राहिली.

आता हिशेब करा. पंधरा हजार पगार धरा. तीन टक्के म्हणजे साडेचारशे. याच्यापेक्षा एक रुपया जास्त दंड कारखान्याला महिन्यात करता येत नाही. तोच कामगार गेटच्या बाहेर पडला, एक किरकोळ चूक झाली, पाचशे. गेटच्या आत कायदा त्याचा पगार जपतो. बाहेर तो जपायला कुणी नाही.

आणि दिवसांचं काय? केंद्राच्या २०२१ च्या नियमांत, १६७ अ मध्ये, लिहिलंय की कॅमेऱ्यानं टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत गेली पाहिजे, आणि कॅमेरा असलेल्या पट्ट्याच्या आधी ठळक सूचनाफलक हवा. आता मला सांगा, आपल्या नावावर चलन आहे हे ज्यांना कित्येक महिन्यांनी, गाडी विकताना किंवा लोकअदालतीची नोटीस आल्यावर कळलं, त्यांनी हात वर करा. (बरेच हात वर. हशा) बघा, अध्यक्षांचाही आहे! (मोठा हशा) कुठल्या चौकात, कुठल्या दिवशी, काय चुकलं हे आठवतं का कुणाला? नाही. मग तो पैसा गेला आणि सवय आहे तशीच राहिली. इटलीच्या बेकारियानं १७६४ मध्ये लिहून ठेवलंय की शिक्षा किती कडक यापेक्षा ती किती नक्की आणि किती लवकर, याला महत्त्व आहे.

२०२५ च्या जुलैत वाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध राज्यात बंद पुकारला तेव्हा त्यांच्यावर खूप टीका झाली. त्यांच्या सगळ्या मागण्या मला पटत नाहीत. पण फोटो कुणी, कुठे, कधी काढला हे गाडीवाल्याला कळलं पाहिजे, एवढं तर रास्त आहे.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. ठीक आहे. फिनलंडचा भाग मी गाळतो, एका वाक्यात सांगतो : तिथे १९२१ पासून दंड उत्पन्नाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे श्रीमंताला वेगाची हौस लाखांत पडते. आपल्याकडे ते लगेच होणार नाही. पण एक गोष्ट आपल्याच राज्यात झाली आहे. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, अपघात वाढले, आणि २०२३ मध्ये परिवहन विभागानं टोल नाक्यांवर समुपदेशन केंद्रं काढली. वेग ओलांडणाऱ्याला थांबवायचं, बसवायचं, समजावून सांगायचं, मगच सोडायचं. लोक म्हणतील, त्याच वर्षी १ जुलैला बुलढाण्याजवळ बस पेटून माणसं गेली, काय उपयोग झाला? उपयोगाचा हिशेब एका अपघातावरून होत नाही. मला त्यातलं पटलं ते वेगळं आहे. घाईत असलेल्या माणसाकडून तुम्ही पैसे न घेता वेळ घेतला. पाचशे रुपये गाडीमालकाला काहीच नाहीत आणि हेल्परला दिवसभराची मजुरी. अर्धा तास मात्र दोघांनाही सारखाच पडतो. चाकणच्या शिफ्टवाल्याला सकाळी बसवू नका, त्याचा खाडा होईल. त्याला सुट्टीच्या दिवशी बोलवा. २०१९ च्या दुरुस्तीनं समाजसेवेची आणि उजळणी प्रशिक्षणाची तरतूद केलेली आहे, कायदा आडवा येत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : समज देत बसलो तर उद्या कुणी हेल्मेट घालणार नाही!)

बरोबर आहे तुमचं, आणि हा प्रश्न टाळून मी जाणार नाही. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात हेल्मेट नसलेली ५०,०२९. हे आकडे केंद्र सरकारचे आहेत. आपल्या पट्ट्यात कित्येक कंपन्यांच्या गेटवर हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत. तिथे पोरं काय करतात? कोपरात अडकवलेलं हेल्मेट गेटच्या अलीकडे शंभर पावलांवर डोक्यावर चढवतात. शॉपमध्ये पिवळ्या पट्ट्याच्या आतून चालणारा, सेफ्टी शूज न घालता मशीनला हात न लावणारा हा माणूस आहे. त्याला शिस्त येत नाही असं कुणी म्हणू नये. आत त्याला शिस्त आहे कारण आत नियम सगळ्यांना एक आहे, प्लांट हेडलासुद्धा. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून सक्ती आणली, मोर्चे निघाले, आणि जूनमध्ये वरूनच रस्त्यावरची कारवाई थांबवायला सांगितलं. त्याच जूनमध्ये पुणे पोलिसांनी नियम पाळणाऱ्यांना आभार मानणारी कुपनं दिली, कल्पना छान होती. पण एका हातानं सक्ती आणि दुसऱ्या हातानं माघार झाली की लोक वाट बघायला शिकतात. मी म्हणतो ती समज एकदाच मिळते. वर्षभरात दुसऱ्यांदा नाही. हेल्मेटलाही तोच नियम.

आणि आता जे सांगणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. राँग साइडला समज नाही. (कुजबुज) पहिल्या वेळीही नाही. कारण ती किरकोळ चूक नाहीच. २०१९ पासून कलम १८४ मध्ये वाहतुकीच्या उलट दिशेनं चालवणं हे धोकादायक चालवणं धरलंय, सिग्नल तोडणं आणि हातात मोबाइल धरून चालवणं त्याच्याच शेजारी आहे. नाशिक रस्त्यावर कंटेनर आणि डंपरच्या समोरून येणारा दुचाकीवाला कुणाच्या तरी घरचा कमावता माणूस असतो. (श्रोत्यांतून आवाज : कटच लांब आहे, काय करणार?) हो, कट लांब आहे! मी कुठे नाही म्हणतो? म्हणून तर 'कारण काय' हा रकाना हवा. राँग साइडच्या पावतीवरही हवा. एका महिन्यात एकाच फाट्यावर शेकडो पावत्यांवर 'कट लांब' असं लिहून आलं की तो कागदाचा गठ्ठा महामार्गवाल्यांच्या टेबलावर ठेवता येईल. कलम १९८ अ आहे ना! रस्ता सदोष ठेवल्यानं कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. हे कलम आपण सहसा वापरत नाही, कारण पुरावा नसतो. आणि २१० ब सुद्धा वाचा, कायदा राबवणाऱ्यानंच कायदा मोडला तर दंड दुप्पट. (टाळ्या, हशा) टाळ्या वाजवल्यात तशा राँग साइडलाही वाजवायला हव्या होत्या.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, तेवढ्या घेतो आणि थांबतो.

पहिली पुढच्या रांगेतून, निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांची. 'हवालदाराला एवढं लिहायला वेळ कुठून आणायचा?' साहेब, हातात ई-चलनचं मशीन आहेच. लायसन नंबर टाकायचा, कलम निवडायचं, रकमेच्या जागी शून्य आणि कारणांच्या यादीतलं एक बटण. वेळ तेवढाच लागेल. उलट हुज्जत घालण्यातला वेळ वाचेल. पहिल्याच वेळी पैसे जाणार नाहीत हे माहीत असलं की माणूस चौकात भांडत नाही, फोन लावत बसत नाही. आणि तुमच्या माणसावर चिरीमिरीचा आरोप करायला जागा राहत नाही. सोडलं तर सोडल्याची नोंद आहे, धरलं तर धरल्याची. तुमच्या हाताखालच्या लोकांसाठी मी हे तुमच्यापेक्षा कळकळीनं मागतोय.

दुसरी चिठ्ठी, 'दंडाचा पैसा कुठे जातो?' राज्याच्या तिजोरीत जातो. तिथून या चौकात किती परत येतो, ते मला तुम्हाला दाखवता येत नाही, आणि तीच माझी तक्रार आहे. चाकणच्या आंबेठाण चौकात एक फलक लावा. या महिन्यात इथे इतक्यांना समज, इतक्यांना दंड, इतकी रक्कम, आणि त्या रकमेतून इथे काय केलं : झेब्रा रंगवला, दिवा दुरुस्त केला, कट उघडला. काहीच केलं नसेल तर तेही लिहा. १९३६ मध्ये परक्या सरकारनं गिरणीमालकाला जे रजिस्टर ठेवायला लावलं, ते आपल्या सरकारनं आपल्यासाठी ठेवावं, ही मागणी काही फार मोठी नाही.

मी एक पानी निवेदन आणलंय, आयुक्तालयाला द्यायचं आहे. दाराजवळच्या टेबलावर ठेवलंय, पेनही आहे. ज्यांना पटलं त्यांनी सही करा. राँग साइडचं वाक्य त्यात चौथ्या ओळीत आहे. ते खोडून सही केलेली मी धरणार नाही.